अवघड जागेचे दुखणे

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो, ऐकून हसतो आणि सोडून देतो. म्हणीतल्या त्या बिचाऱ्या सासूचे पुढे काय झाले, हे मात्र कुणी विचारीत नाही. बहुधा तिने लाजेपायी दुखणे अंगावरच काढले असावे. सायकलवरून लांबच्या सफरीला निघणाऱ्यांची गत थोडीफार तशीच असते. पोटऱ्यांत गोळे आले तर चारचौघांत सांगता येते, गुडघा धरला तर कुणीतरी मलम पुढे करतो. परंतु चाळीस-पन्नास किलोमीटर गेल्यावर जी जागा खरोखर ठणकू लागते, तिचे नाव काढायची सोय नसते. तिला आपल्या बोलीत शब्द पुष्कळ आहेत. पण ते वार्षिकांकात छापण्यासारखे नाहीत. त्यातल्या त्यात ‘बूड’ हा शब्द सभ्य आहे. संपादकांची परवानगी गृहीत धरून मी तोच वापरणार आहे.

हे बूड आणि सायकल यांची गाठ जिथे पडते ती वस्तू म्हणजे सीट. तीच या लेखाचा विषय आहे. विषय वाचून कुणाला हसू आले तर त्याने अवश्य हसावे. फक्त शेवटपर्यंत वाचावे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की लांब पल्ल्याच्या प्रवासात बूड दुखले, तर त्याचा दोष बहुतेक वेळा चुकीच्या मापाच्या किंवा चुकीच्या बसवलेल्या सीटकडे जातो, बसणाऱ्याच्या कच्चेपणाकडे नाही. आणि सीट निवडताना तिचा मऊपणा, तिची किंमत आणि दुसऱ्याचा सल्ला या तिन्हींपेक्षा आपल्या स्वतःच्या हाडांचे माप मोठे मानले पाहिजे.

हे लिहायला एक निमित्त घडले. गेल्या हिवाळ्यात आम्ही दहाजण घणसोली गावातून सायकलवर दिवेआगरला गेलो. कोपरखैरणे, वाशी, पाम बीच रस्त्याने बेलापूर, तिथून पनवेल, पेण, वडखळ आणि कार्लेखिंड चढून अलिबाग हा पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी रेवदंडा, मुरूड, आगरदांडा आणि बोटीतून दिघी. आमच्यातल्या एका मैत्रिणीने अलिबागहूनच परतीची एस.टी. धरली. ती काही बोलली नाही. ‘बरे वाटत नाही’ एवढेच म्हणाली. मागे राहिलेल्यांत लगेच चर्चा झाली, की तिचा स्टॅमिना कमी, तिला सवय नाही, मुलींना एवढे अंतर जमायचेच नाही. खरे कारण तिने रात्रीच मला सांगितले होते. तिच्या सायकलची सीट अरुंद, टोक वर उचललेले आणि त्यावर वरून चढवलेले जाड जेलचे कव्हर. पेणपासून पुढे तिला मुंग्या येत होत्या आणि वडखळच्या पुढे ती जागा बधिर झाली होती. पाय तिचे शाबूत होते, दमही शाबूत होता. कार्लेखिंड ती आमच्यातल्या दोन मुलांच्या आधी चढली होती. अशी मुलगी ‘कमकुवत’ म्हणून घरी जाते आणि पुन्हा सायकलच्या वाटेला जात नाही, हे मला चूक वाटते. म्हणून लाज बाजूला ठेवून हा लेख.

आमच्या घणसोलीत आजोबांच्या पिढीतली पुष्कळ माणसे सायकलने फिरली. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाने उभे राहिले तेव्हा गावातले कामगार पाळीला सायकलनेच जात. त्या काळ्या, वजनदार सायकली अजून एखाद्या पडवीत भिंतीला टेकलेल्या दिसतात. सोनिपतचा अ‍ॅटलासचा कारखाना १९५१ साली निघाला, लुधियानाचा हीरोचा १९५६ साली. देशभर याच धाटणीच्या सायकली पसरल्या. त्यांची सीट नीट पाहावी. ती मागे चांगली रुंद असते आणि खाली जाड स्प्रिंगा असतात. आज आपल्याला ती बैलगाडीच्या जमान्यातली वाटते, पण तिच्यामागे विचार होता. त्या सायकलचे हँडल उंच आणि मागे वळलेले. बसणारा ताठ बसणार. ताठ बसले की अंगाचा जवळजवळ सगळा भार बुडावर येतो आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जातो. म्हणून सीट रुंद आणि म्हणून स्प्रिंगा. सीट आणि बसण्याची ढब यांचे लग्न तिथे जुळवलेले होते.

आता आपण घेतो त्या गिअरच्या सायकलींचे हँडल खाली असते. माणूस पुढे वाकतो, काही भार हातांवर आणि पायांवर जातो, कंबर पुढे कलते. या बसण्याला ती रुंद सीट चालत नाही. मांड्या तिच्या कडांवर घासतात आणि शंभर किलोमीटरमध्ये पाय काही हजार वेळा फिरत असल्यामुळे कातडी सोलवटते. म्हणून या सायकलींची सीट अरुंद केलेली असते. सारांश, सीट चांगली की वाईट हा प्रश्न एकटा विचारता येत नाही. मी कितपत वाकून बसते, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. ताठ बसणाऱ्याला रुंद, मध्यम वाकणाऱ्याला मध्यम, फार वाकणाऱ्याला अरुंद, हा पहिला नियम. लांबच्या सफरीला जाणारे बहुतेक लोक मधल्या वर्गात मोडतात. त्यांना ना शर्यतीची सुरी हवी, ना दूधवाल्याचा पाट.

पाटावरून आठवले. आपल्या आजी-आजोबांनी जन्मभर लाकडी पाटावर बसून जेवण केले. पाट कठीण असतो, तरी त्यावर तासभर बसता येते. याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. बुडात डाव्या-उजव्या बाजूंना दोन बोथट हाडे खाली आलेली असतात. निसर्गाने बसण्यासाठी दिलेली ही दोन खुंटे. भार त्यांच्यावर पडला तर शरीर तो निमूट सोसते. या दोन हाडांच्या मधला भाग मात्र मऊ आहे. तेथून मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जातात. भार तिथे पडला की आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा येतो. म्हणजे सीटचे काम एकच: दोन हाडांना आधार देणे आणि मधल्या जागेला मोकळे ठेवणे. बाकी सारे तपशील या एका कामाच्या सोयीसाठी आहेत.

हे कळले म्हणजे मऊपणाचा भ्रमही फिटतो. दुकानात गेले की पहिला सल्ला ठरलेला असतो, ‘ताई, ही घ्या, गादीसारखी आहे.’ अंगठ्याने दाबून पाहिली तर खरोखरच गादीसारखी लागते. पहिली दहा मिनिटे ती सुखाचीही वाटते. पण फोम फार मऊ असला की हाडे त्यात रुततात आणि रुतलेल्या हाडांमधून फोमचा उंचवटा वर येऊन नेमक्या नाजूक भागावर दाबतो. जितका प्रवास लांब, तितका हा दाब वाढत जातो. फार मऊ गादीवर झोपले की सकाळी पाठ धरते, त्यातलाच हा प्रकार. आपल्या भाषेत ‘खोगीरभरती’ असा एक मार्मिक शब्द आहे. घोड्याच्या खोगिरात चिंध्या-काथ्या कोंबतात त्यावरून तो आला, आणि निव्वळ जागा भरण्यासाठी घातलेल्या निरुपयोगी गोष्टींना आपण तो लावतो. दोन-तीनशे रुपयांना मिळणारी जेलची कव्हरे ही लांबच्या प्रवासात मला अक्षरशः खोगीरभरती वाटतात. स्टेशनपर्यंत जायला ती ठीक. अलिबागला जायला नकोत.

खोगिराचा आणि सायकलच्या सीटचा संबंध नुसता शाब्दिक नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जॉन बोल्टबी ब्रुक्स या गृहस्थाने १८६६ साली घोड्याच्या चामडी सामानाचा धंदा सुरू केला. त्याच्या कंपनीत सांगितली जाणारी हकीकत अशी की १८७८ साली त्याचा घोडा मेला, दुसरा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने कामावर जाण्यासाठी सायकल उसनी घेतली आणि तिच्या सीटने तो इतका हैराण झाला की स्वतःच चांगली सीट करायला बसला. १८८२ साली त्याने तिचे पेटंट घेतले. लोखंडी सांगाड्यावर ताणून बसवलेले जाड चामडे, आत भरणी काहीच नाही, अशी ही सीट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेला तिचा बी-१७ हा नमुना आजही तयार होतो आणि जगभरचे सफरवाले तो वापरतात. खोगीर करणाऱ्या माणसाने खोगीरभरती काढून टाकली, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ताणलेले चामडे झोळीसारखे वागते. काहीशे किलोमीटर चालवल्यावर ते बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे किंचित दबते आणि सीट त्या माणसाची होते. म्हणूनच अशी जुनी सीट दुसऱ्याला देऊन फारसा उपयोग नसतो.

मग सर्वांनी चामड्याची सीट घ्यावी का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. ती महाग असते, जड असते, आणि आपल्या कोकणपट्टीत तिला पाऊस हा मोठा शत्रू आहे. भिजलेल्या चामड्यावर बसून चालवले तर ते ताणून सैल पडते. वेळोवेळी तेल-मेण लावणे, पाऊस आला की प्लास्टिकची पिशवी चढवणे, सैल पडले की पुढचा नट जरासा पिळणे, एवढी सेवा करायची तयारी असेल त्याने ती घ्यावी. ज्याला जून ते सप्टेंबर सायकल घराबाहेर ठेवायची आहे त्याला कडक फोमची किंवा रबरी पृष्ठाची सीट अधिक सोयीची. मात्र चामडे असो वा फोम, माप चुकले की दोन्ही सारखेच छळतात.

हे माप घरी घेता येते आणि त्याला एक पैसाही लागत नाही. वाण्याकडून खोक्याचा जाड, पन्हाळीचा पुठ्ठा आणावा. तो लाकडी स्टुलावर किंवा जिन्याच्या पायरीवर ठेवून त्यावर पातळ कपड्यानिशी बसावे, टाचा थोड्या उचलाव्यात, सायकलवर वाकतो तसे पुढे वाकावे आणि मिनिटभर भार द्यावा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर पट्टीने मोजावे. मोठ्या माणसांत ते साधारणपणे १० ते १५ सेंटिमीटरच्या दरम्यान भरते. त्यात दोनेक सेंटिमीटर मिळवले की मध्यम वाकून बसणाऱ्याला लागणारी सीटची रुंदी निघते. अधिक ताठ बसणाऱ्याने आणखी थोडी मिळवावी. स्त्रियांचे हे अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असते. पण सरासरी म्हणजे आपण नव्हे. उंच, धिप्पाड माणसाची हाडे जवळ असू शकतात आणि लहानखुऱ्या मुलीची दूर. ‘लेडीज’ आणि ‘जेंट्स’ या चिठ्ठ्यांवर विसंबण्यापेक्षा पुठ्ठ्यावर विसंबावे. चप्पल घेताना आपण पायाचे माप देतो. बुडाचे माप न देता सीट घ्यायची, याला शहाणपण म्हणता येणार नाही.

योग्य रुंदीची सीट मिळाली तरी अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे पान्याने करायचे असते. उंचीची साधी परीक्षा अशी: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल अगदी खाली न्यावे, त्या वेळी पाय सरळ व्हावा. मग पाऊल नेहमीसारखे पुढे घेतले की गुडघ्याला बेताचा बाक राहतो. सीट फार उंच असली तर प्रत्येक फेऱ्याला कंबर डावी-उजवी झुलते आणि घासून जखमा होतात. त्यानंतर कल. सीट आडवी, समतल असावी. गवंड्याची पाणसळ ठेवून पाहिली तर उत्तम. टोक वर असेल तर नाजूक जागेवर दाब; टोक फार खाली असेल तर माणूस पुढे घसरतो, हातांवर रेलतो आणि मनगटे धरतात. आमच्या मैत्रिणीच्या सीटचे टोक बोटभर वर होते. ते खाली करायला एक पाना आणि पाच मिनिटे पुरली असती. बदल करायचा तो दोन-तीन मिलिमीटरचा, एका वेळी एकच, आणि आधीच्या जागेवर पेनाने खूण करून. नाहीतर काय बदलल्याने बरे वाटले तेच कळत नाही.

कपड्यांविषयी थोडक्यात. लांबच्या सफरीत जीन्स ही शिक्षा आहे; तिची शिवण नेमकी नको तिथे येते. आत अस्तराची गादी शिवलेली सायकलची तंग चड्डी मिळते. तिच्या आत दुसरे काही घालायचे नसते, हे ठाऊक नसल्याने तिचा अर्धा फायदा वाया जातो. वर सैल पायजमा किंवा कुर्ता घालायला कुणाची हरकत नाही. चड्डी रोज धुवावी, घासणाऱ्या जागी व्हॅसलीन लावावे आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी क्षणभर पायडलवर उभे राहावे. एवढे करूनही बधिरपणा जात नसेल तर सीट बदलावी. आणि सायकल सोडल्यावरही तो टिकला तर डॉक्टरकडे जावे, मग तो जावई असो वा नसो.

यावर एक हमखास आक्षेप येतो, की पूर्वीच्या लोकांना कुठे लागत होती ही मापे? उदाहरणही मोठे आहे. १९२३ सालच्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून परतले. सुमारे ७१,००० किलोमीटरचा तो प्रवास. त्यांच्यापुढे मी मनापासून नतमस्तक आहे. पण त्यांच्या नावावर आपण दुसऱ्याचे दुखणे खोटे ठरवू लागलो तर तो त्यांचाही अपमान होईल. त्या काळच्या सायकलींवर माणूस ताठ बसे आणि सीट साधारणतः ताणलेल्या चामड्याची असे, म्हणजे ढब आणि सीट यांचा मेळ असे. शिवाय मापाचा विचार तेव्हाही होताच. मधोमध खाच किंवा पोकळी ठेवलेल्या सीट युरोप-अमेरिकेत १८९०च्या दशकातही विकल्या जात होत्या. दुखणे जुने आहे. त्यावरचा विचारही तितकाच जुना आहे.

ज्यांना हा विषय फक्त बायकांच्या नाजूकपणाचा वाटतो त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पुरुष पोलिसांना सरकारी आरोग्यसंस्थेने सहा महिने बिनटोकाच्या सीटवर बसवून पाहिले आणि त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्यातील बधिरपणाची तक्रार पुष्कळच कमी झाली. पोलिसांच्या स्टॅमिन्याबद्दल कुणाला शंका नसावी. आणि मुलींना अंतर जमत नाही म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांचे नाव आठवावे. २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली.

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ असे आपण म्हणतो. सीटच्या बाबतीत मी त्यात किंचित बदल करीन: ऐकावे जनाचे, करावे हाडांचे. तुमच्या मित्राला जी सीट मखमली वाटते ती तुम्हाला काटेरी वाटेल आणि दोघेही खरेच बोलत असाल. म्हणून कुणी विचारले की ‘कोणती सीट घेऊ?’ तर मी कंपनीचे नाव सांगत नाही. पुठ्ठा आण म्हणते.

आता कॉलेजपुरती एक सूचना. जिमखान्याच्या कपाटात क्रिकेटचे पॅड आहेत, बुद्धिबळाचे पट आहेत, एक कधीच न वापरलेला भालाही आहे. त्यात तीन वेगवेगळ्या रुंदींच्या साध्या सीट, पान्यांचा एक जुडगा आणि एक पाणसळ यांची भर घातली तर खर्च फार येणार नाही. ग्रंथालयातून पुस्तक नेतो तशी सीट आठवड्याकरिता न्यावी, घणसोलीपासून पाम बीच रस्त्याने बेलापूरपर्यंत दोन-तीनदा जाऊन-येऊन पाहावे आणि मगच स्वतःची विकत घ्यावी. दुकानात दोन मिनिटे बसून जे कळत नाही ते तिसाव्या किलोमीटरला आपोआप कळते. सफरीच्या आधीच्या सभेत पंक्चर, पाणी, दिवे यांची यादी वाचली जाते तेव्हा सीटचा विषयही सरळ शब्दांत निघावा. तो मुलींसमोर प्राध्यापिकाबाईंनी काढला तर अधिक बरे. बाई हे वाचत असतील तर त्यांना ही माझी नम्र विनंती समजावी.

येत्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा निघणार आहोत. या वेळी हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडल्याची बोट धरून वेशवीला उतरायचे आणि दापोली गाठायची असा बेत आहे. अलिबागहून परतलेली मैत्रीण येईल की नाही, हे अजून ठरलेले नाही. तिच्या हाडांचे माप १३ सेंटिमीटर भरले आहे आणि १५ सेंटिमीटरची एक कडक सीट कुणाकडून तरी उसनी मिळाली आहे. तिचे टोक आम्ही पाणसळ लावून सपाट केले आहे. रविवारी ती बेलापूरपर्यंत जाऊन येणार आहे. पुढचे तिचे ती ठरवील.